वजीराखालाच्या डोक्यासाठी अक्रोड

मालवणात बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर साजिदचं दुकान आहे. होडीच्या इंजिनाचे सुटे भाग, नायलॉनच्या दोऱ्या, जाळी, असला माल. दुकानाच्या मागे घर आणि घराच्या पडवीत साजिदची आई, वजीरा. सगळं गाव तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणतं. मासेवाले, रिक्षावाले, एसटीचे कंडक्टर, सगळ्यांची ती खाला.

खालाचा धंदा लग्नं जुळवण्याचा. धंदा आपण म्हणायचं, ती त्याला सवाब म्हणते. पुण्याचं काम. पुण्याबरोबर एखादा ड्रेसपीस आणि मिठाईचा पुडा आला तर अल्लाच्या मर्जीला ती नाही म्हणत नाही, एवढंच. "आजवर किती लग्ना जुळवलंस गो?" असं कोणी विचारलं तर म्हणते, "सगळी सांगू काय टिकलेली?"

मालवणपासून कुडाळपर्यंत आणि पुढे पार रत्नागिरीपर्यंत कोणाच्या घरात लग्नाचा मुलगा आहे, कोणाला दमा आहे, कोण चोरून पितो आणि कुठली सासू सुनेला जगू देत नाही, हे सगळं तिच्या डोक्यात. अशा बाईचं डोकं गेलं अशी बोंब उठली तेव्हा अर्ध्या गावाला वाईट वाटलं आणि उरलेल्या अर्ध्याला हायसं वाटलं. हायसं वाटणाऱ्यांची गुपितं तिच्याकडे होती.

झालं असं. गेल्या वर्षी ईदेनंतर कुडाळहून एका बाईचा फोन आला. तिचा मुलगा मुझफ्फर तिथल्या एमआयडीसीत एका कंपनीत चांगल्या नोकरीला. वय अठ्ठावीस. मालवणच्या मेडिकलच्या दुकानात बसणारी अफशा, तिच्याबद्दल या लोकांनी ऐकलं होतं. बघायला कधी येऊ, असं ती विचारत होती. खालाने सगळं नीट ऐकून घेतलं, माशाल्ला म्हणाली आणि चप्पल घालून निघाली ती थेट हफ्साच्या घरी.

हफ्सा बाजारामागच्या गल्लीत राहते. पन्नाशी ओलांडलेली, बरीच वर्षं विधवा, एकुलती मुलगी लग्न होऊन दुबईला. बायकांचे ड्रेस शिवते. बोलणं कमी.

खाला तिच्या शिलाई मशीनसमोर बसली आणि म्हणाली, "हफ्सा, तुका बघूक येतत. कुडाळचो आसा. अठ्ठावनचो. कंपनीत आसा, म्हणजे रिटायर होवक इलो असतलो."

हफ्साने मशीन थांबवली. दोरा तोडला. परत ओवला. मग खाली बघूनच म्हणाली, "येवंदेत."

ठरलेल्या दिवशी मुझफ्फर, त्याची आई आणि मावशी असे तिघे रिक्षातून उतरले. हफ्साने स्वतः शिवलेला मेंदी रंगाचा ड्रेस घातला होता. सांदणं केली होती, कोंबडी केली होती. मुझफ्फरच्या आईने तिला मुलीची आई समजून घराचं, पडद्यांचं, सांदणांचं भरपूर कौतुक केलं. हफ्सा लाजत होती. खाला दुसरं सांदण खात होती. सगळं उत्तम चाललं होतं.

मग हफ्साने हळूच विचारलं, "पयल्या बायलेची पोरा किती?"

"पयली बायल?" मुझफ्फरची आई म्हणाली. "आमच्या झिलाचा अजून एक पण लगीन नाय झालेला! तुमका कोणी काय सांगल्यान?" आणि मग जरा रागातच, "चेडवाक बोलवा बघू."

"चेडू खंयचा?" हफ्सा म्हणाली. हातात चहाचा ट्रे तसाच. "मियाच ती."

मुझफ्फर इतका वेळ मोबाइलमध्ये होता. मुलगा चांगल्या वळणाचा. काहीतरी गडबड झाली आहे आणि आपण उभं राहायला हवं एवढं त्याला कळलं. तो उठला आणि अदबीने म्हणाला, "सलाम, खाला."

त्याने तिला शिवी दिली असती तरी हफ्साला एवढं लागलं नसतं. तिने ट्रे खाली ठेवला, आत गेली आणि दाराला कडी घातली.

दुपारपर्यंत ही गोष्ट मासळीबाजारात पोचली आणि संध्याकाळी तारकर्लीत पर्यटकांच्या होड्या हाकणारे लोकही ती एकमेकांना सांगून हसत होते. खाला कुराणाची शपथ घेऊन सांगत होती की फोनवर आपल्याला हफ्सा आणि अठ्ठावन असंच सांगितलं. मुझफ्फरची आई तितक्याच जोरात सांगत होती की मी अफशा म्हटलं आणि अठ्ठावीस म्हटलं. एका बाजूला सत्तरीची म्हातारी, दुसऱ्या बाजूला इंजिनियर मुलाची आई. लोकांनी कोणाचं खरं मानलं हे सांगायला नको.

मग मागच्या गोष्टी निघाल्या. साजिदला आठवलं की परवा आपण दुकानाची चावी मागितली तर अम्मा चाय घेऊन आली. सुनेला, म्हणजे रुमानाला, आठवलं की कुकरच्या शिट्या झाल्या तरी अम्मा गॅस बंद करत नाहीत, नुसत्या समोर बसून राहतात. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आईचं डोकं जायला लागलं.

त्या दिवसापासून घरातले आणि गल्लीतले सगळे खालाशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागले. डोकं गेलेल्या माणसाशी आपण तसंच बोलतो, का ते कोणाला माहीत नाही. त्यामुळे तिला सगळ्यांचं छान ऐकू यायला लागलं आणि खरं दुखणं झाकलं गेलं.

साजिद स्वभावाने गरीब आणि मोबाइलवर आलेल्या प्रत्येक गोष्टीवर श्रद्धा ठेवणारा. त्याला एक व्हिडिओ आला. पांढरा कोट घातलेला एक माणूस हातात अक्रोड घेऊन सांगत होता: हे दोन भाग बघा, ह्या वळ्या बघा, हुबेहूब मेंदू! कुदरतीने इशारा दिला आहे. साजिदने कुदरतीचा इशारा एवढा मनावर घेतला की तो पिशवीभर अक्रोड घेऊन आला. तेही कवचासकट. रुमाना सकाळ संध्याकाळ वरवंटा घेऊन ते फोडत बसायची आणि टरफलं स्वयंपाकघरभर उडायची.

पहिल्या दिवशी भिजवलेल्या अक्रोडांची वाटी समोर आली तेव्हा खालाने विचारलं, "ह्या काय?"

"अक्रोड! मेंदवाक बरो!" साजिद ओरडला. "बघ, दिसता पण मेंदवासारखो!"

"जा जसा दिसता तेका ता बरा काय?" खाला म्हणाली. "तुझ्या बापाशीन जल्मभर केळी खाल्ल्यान. काय उपेग झालो?"

आत रुमानाच्या हातून टोप पडला.

साजिद लाल झाला, पण हटला नाही. "ओमेगा थ्री आसा तेच्यात!"

"तो कोण? तेचा लगीन झाला?"

दुसऱ्या दिवसापासून दुधात अक्रोड, शिऱ्यात अक्रोड, कोंबडीच्या वाटपात अक्रोड. खालाची कवळी. अक्रोडाची कडू साल कवळीखाली अडकायची आणि ती काढता काढता तिची नमाजची वेळ व्हायची. मग तिने सोपा मार्ग काढला. वाटी यायची ती पदराखाली जायची आणि तिथून हिराकडे.

हिरा बंदरावर मासे विकते. खालाची लहानपणापासूनची मैत्रीण. बाजार उठला की रिकामी टोपली घेऊन पडवीवर टेकायची आणि दिवसभरात कोणी कोणाला काय म्हटलं ते सांगायची. लिलावात उभं आयुष्य गेलेलं, त्यामुळे हिराची कुजबुजही जेटीवर ऐकू जाते. म्हणून तिला कधी वाटलंच नाही की आपल्या मैत्रिणीला कमी ऐकू येतं.

अक्रोड हिराला भलतेच आवडले. पहिल्या आठवड्यात तिचं पोट बिघडलं, कारण ती ते मुठीमुठीने खायची. मग पोटाला सवय झाली. "वजीरा, माका आता जुन्या जुन्या आठवाक लागला गो," एक दिवस ती म्हणाली. "शाळेत तिया माझी पेन्सिल चावलेलंस."

"नाय चावलंय."

"बघ! तुका आठवणा नाय. आणि माका आठवता. अक्रोड कोण खाता?"

खाला हसली, पण आत कुठेतरी चरकली. ती दिवसा शिव्या देऊन वेळ काढायची, पण रात्री पडल्या पडल्या स्वतःची परीक्षा घ्यायची. कुडाळच्या प्रत्येक घरातली माणसं एकेक करून मोजायची, कोणाची मुलगी कुठे दिली, कोणाचा मेहुणा कोण. एकही नाव सुटायचं नाही. तिला जास्त भीती त्याचीच वाटायची. सगळं जागच्या जागी आहे, मग भोक कुठे पडलं? आपल्याला पक्कं आठवतंय ते घडलंच नाही असं सगळे सांगतात, म्हणजे आपण आठवतो ते तरी खरं का? हळूहळू तिने फोन उचलणं सोडलं. रुमानाला शिव्या देणंही सोडलं. साजिदने गोव्याच्या मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली तेव्हा ती त्याच्याशी भांडली नाही. साजिदला ते फार वाईट लक्षण वाटलं.

गोव्याला जायच्या आधी हिराचा कान दुखायला लागला. कुडाळला कानाच्या डॉक्टर आहेत, जान्हवी नावाच्या, तरुण बाई. बाजाराच्या दिवशी हिरा एसटीने निघाली आणि सोबतीला खाला. घरातून चार तास सुटका, दुसरं काही नाही.

डॉक्टरबाईंचा आवाज मऊ. हिराचा कान बघता बघता त्यांनी खालाला विचारलं, "तुम्ही यांच्या सोबत आलात का?"

"शरबत नको," खाला म्हणाली. "माका थंडी होता."

डॉक्टरबाईंनी मान वर केली.

"तिच्याकडे लक्ष देव नको," हिरा म्हणाली. "तिचा डोक्या गेला हा. झील अक्रोड घालता."

"डोकं मागाहून बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आजी, इथे बसा. आधी कान बघते."

आता यात खालाची एक सवय सांगायला हवी. दर शुक्रवारी ती अत्तराचा फाया कानात ठेवायची. नवऱ्याची सवय, तो गेल्यावर तिने उचलली. कान कोरडे पडू नयेत म्हणून वरून खोबरेल. फाया काही वेळा बाहेर यायचा. काही वेळा यायचा नाही, मग पुढच्या शुक्रवारी नवीन.

डॉक्टरबाईंनी आधी थेंब टाकले, वाट बघितली, मग चिमटा घातला. उजव्या कानातून काळा मळ आला आणि त्यामागोमाग कापूस. मग आणखी कापूस. डाव्यातही तेच. खोलीभर गुलाबाचा वास सुटला. हिरा नाकाला पदर लावून बसली होती, तिने पदर काढला. "अगो, जनाजो काढल्यासारखो वास येता!"

खाला दचकली. "हिरा! तू केवढ्यान बोलतंस गो!"

मग ती ऐकत राहिली. वरचा पंखा करकरत होता. बाहेर कोणीतरी कांदे विकत होता. भिंतीपलीकडे एक मूल खोकत होतं. खोकला थांबल्यावर त्याची आई म्हणाली, "थुक." तेही तिला ऐकू आलं.

अचानक ती डॉक्टरबाईंना म्हणाली, "अठ्ठावीस म्हणा बघू."

"अठ्ठावीस," डॉक्टरबाई गोंधळून म्हणाल्या.

"आता अठ्ठावन."

"अठ्ठावन्न."

"तोंड फिरवून म्हणा. हळू."

त्यांनी भिंतीकडे तोंड करून दोन्ही म्हटलं. खालाने मान डोलावली. मग पदराने डोळे पुसले आणि पहिल्यांदा फोनवरच्या त्या बाईला नाही, स्वतःलाच एक अस्सल शिवी दिली.

नंतर यंत्र लावून तपासणी झाली. डाव्या कानाला वयाने थोडं कमी ऐकू येत होतं, उजवा ठीक. डॉक्टरबाई म्हणाल्या, पुन्हा दाखवायला या, आणि कानात काहीही घालायचं नाही, फाया नाही, तेल नाही. "ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार, आजी? आणि कान बंद ठेवून बसलं की माणूस बोलायचं सोडतं, मेंदूलाही काम उरत नाही. खरंच विसरायला होतंय असं वाटलं तर तेही तपासू. पण सुरुवात इथून करायची होती."

"मगे अक्रोडाचा काय?" हिराने विचारलं. तिचा त्यात जीव अडकला होता.

"अक्रोड चांगलेच. त्यातली चरबी चांगल्या जातीची असते. हृदयाला बरी, रक्तवाहिन्यांना बरी, आणि मेंदूला रक्त तिथूनच जातं. रोज चार-पाच खाल्ले तर बिघडत काही नाही. पण ते औषध नाही. संशोधन चालू आहे. काही ठिकाणी म्हाताऱ्या माणसांना फायदा दिसला, काही ठिकाणी फारसा फरक दिसला नाही. गेलेली आठवण परत आणतात असं तर कोणीच सांगू शकत नाही. आणि मुठीमुठीने नाही खायचे, वजन वाढतं." बोलता बोलता त्यांचं लक्ष हिराच्या पोटाकडे गेलं. "तुम्ही बांगडा, तारली खाता ना? ती चरबी माशातही असते, आणि शरीराला ती जास्त सोपी पडते."

"बांगड्यात?" हिरा उभीच राहिली. "आणि मिया आजपर्यंत तो नुसतो ताजो म्हणान विकलंय!"

परतीच्या एसटीत खालाने हिराकडून वचन घेतलं की घरी सांगायचं नाही. "का गो?" हिराने विचारलं.

"माझ्या मागसून काय बोलतत ता माका आयकूचा आसा."

वचनाच्या बदल्यात अक्रोड चालू राहणार होते.

पुढचे काही दिवस खाला पडवीवर पूर्वीसारखीच शून्यात बघत बसली आणि जन्मात केली नव्हती एवढी मजा केली. दुकानात येणारं गिऱ्हाईक तिच्याबद्दल काय बोलतं ते तिने ऐकलं आणि मनात जागा करून ठेवून दिलं. पण खरा धक्का रुमानाने दिला. ही सून तिने स्वतःच शोधून आणली होती, कुडाळहून, आणि लग्नानंतर खालाची एकच तक्रार होती की पोरीला तोंड नाही. आता रुमाना चहा घेऊन यायची, "अम्मा, चाय!" असं गोड ओरडायची, आणि वळता वळता बारीक आवाजात सुरू व्हायची. "पी. पी आणि साखर नाय म्हण. ह्या घरात इल्यापासून माझीच साखर उतरली, तुका खंयसून घालू?" वरवंट्याने अक्रोड फोडताना तर ती पूर्ण खानदानाचा उद्धार करायची. प्रत्येक घावाला एक नातेवाईक.

खाला खूश झाली. एवढी वर्षं तिला वाटत होतं आपली निवड चुकली.

एका दुपारी साजिद जेवायला आला होता. स्वयंपाकघरात नवराबायको बोलत होती आणि दार उघडं होतं.

"गोव्याचो डॉक्टर काय सांगतलो काय माहीत," साजिद म्हणाला. "रुमाना, एक दिवस ती माका वळखूची नाय."

रुमानाने त्याच्या ताटात भात वाढला. मग रुमाना म्हणाली, "तुका इसारली तर तिया सोसतलंस. माका काय वाटता सांगू? दोन म्हयने झाले, तेनी माका एक शिवी घालूक नाय. माझा चुकला तरी गप. घर खावक येता."

पडवीतून आवाज आला, "शिवये व्हये तर माग गो! घरात भरपूर पडले हत!"

साजिद हातातला घास घेऊनच बाहेर आला. मग जे काही झालं त्यात थोडं रडणं होतं, बरंच भांडण होतं आणि शेवटी साजिद आईवर खरोखर चिडला, एवढे दिवस का लपवलंस म्हणून. खालाने त्याला चिडू दिलं. रुमाना मात्र तोंडावर ओढणी घेऊन उभी होती. आपण गेल्या चार दिवसांत काय काय बोललो ते ती आठवत होती.

"तुझी ती साखरेची बरी होती," खाला तिला म्हणाली.

गोव्याची वेळ रद्द झाली. साजिदने मात्र हार मानली नाही. तो आजही दुकानात सांगतो की अक्रोडांमुळे अम्माचे कान सुटले. मासळीबाजारात हिरा "डोक्याचो बांगडो, डोक्याचो!" असं ओरडून विकते, आणि पर्यटक फोटो काढून तोच घेऊन जातात. अक्रोड आता रुमाना सुक्या गोलम्याच्या, म्हणजे बारीक जवळ्याच्या, चटणीत कुटून घालते. साल लागत नाही आणि खाला ती भाकरीबरोबर खाते. बरी लागते म्हणून खाते, मेंदूचं नाव काढलेलं तिला चालत नाही.

राहता राहिली हफ्सा. अफशा आणि मुझफ्फर यांचं तर केव्हाच जमलं होतं. एवढी शोभा झाल्यावर त्या पोराने स्वतःच तिचा नंबर मिळवून माफी मागितली आणि पुढचं दोघांनी आपलं आपण ठरवलं. मधे कोणी नाही. खालाला याचा अपमान हफ्साच्या प्रकरणाइतकाच लागला होता.

हफ्साकडे जायला तिचे पाय निघत नव्हते. शेवटी रुमानाच तिला घेऊन गेली. हफ्साने दार उघडलं, बसा म्हटलं नाही. मशीन चालूच ठेवली. खालाने कानांची सगळी कथा सांगितली, मळ, कापूस, गुलाबाचा वास, काही सोडलं नाही. एरवी या गोष्टीवर माणसं लोळून हसतात. हफ्सा हसली नाही.

"खाला," ती म्हणाली, "चुकीचो माणूस इलो, तेचो माका राग नाय. मिया 'येवंदेत' म्हटलंय, ता सगळ्या गावाक कळला. तेचो राग."

खालाने उत्तरासाठी रुमानाकडे बघितलं. असं तिच्या धंद्यात पहिल्यांदाच झालं.

रुमाना म्हणाली, "गावाक कळलाच आसा तर आता लपवून काय उपेग? मेंदी रंगाचो ड्रेस असोच कपाटात ठेवतलंस?"

मशीन थांबली. हफ्साने खालाकडे बघितलं आणि म्हणाली, "ही तुमची सून? हिका तोंड नाय म्हणायचास ना?"

"माका तसा आयकाक येय होता," खाला म्हणाली.

तेव्हा हफ्सा हसली. थोडंच, पण हसली. चहा ठेवला. आणि चहा पिताना, जसं काही दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतो आहोत अशा सुरात, म्हणाली की माणूस सिगरेट ओढणारा नको आणि तिची मशीन त्याच्या घरात उजेडाच्या जागी बसायला हवी.

खालाने हफ्सासाठी शोधलेला गनी तारकर्लीचा. माडांची थोडी बाग आणि पर्यटकांना भाड्याने द्यायच्या तीन खोल्या. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. वय खालाने या वेळी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. एकसष्ट. बघायला दोघी सासूसुना गेल्या, आणि बोलणं सगळं रुमानाने केलं. सिगरेटचं विचारलं, खिडक्या उघडून उजेड बघितला, खाटेखाली वाकूनही बघितलं. खाला माडाखाली खुर्ची टाकून शहाळं पीत बसली होती आणि मधेमधे आतून येणारं सुनेचं बोलणं ऐकून मान हलवत होती.

गनी म्हणाला, विचार करून सांगतो. हफ्साही म्हणाली, विचार करून सांगते. आता दोघं रोज संध्याकाळी फोनवर विचार करतात. हफ्साची मशीन त्या वेळात बंद असते, गल्लीतल्या बायकांचे ड्रेस वेळेवर मिळत नाहीत, आणि त्याची तक्रार घेऊन सगळ्या खालाकडे येतात. ती सगळ्यांचं ऐकून घेते, सावकाश, एकेकीचं. मग त्यांना घालवून देते.